घरचा गाण्यांचा सर्व्हर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी या क्रमानं दोष शोधा

भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट, सप्ताहातली कीर्तनं, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नातली सनई. बऱ्याच घरांत हे सगळं आता कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेलं असतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे घरच्या वायफायवर एक छोटा सर्व्हर बसवायचा. मग मोबाइल, टीव्ही, स्पीकर, कशावरही ते ऐकता येतं. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी घरातली गाणी वाजत राहतात आणि महिन्याचं भाडंही नाही.

पण बसवल्यावर महिना-दोन महिन्यांत एक तक्रार हमखास येते, "सारखं बंद पडतंय." मग बटण बंद करून चालू करायचं, दोन दिवस चालतं, परत बंद. शेवटी घरातलं कोणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून टाकू." इथं हात आखडता घ्या. ज्या कॅसेटवरून आवाज उतरवला ती फीत आता बुरशी लागून चिकटलेली असते, आणि ज्यांचा आवाज आहे ती माणसंही पुष्कळदा राहिलेली नसतात. सॉफ्टवेअर दहा वेळा बसवता येतं, तो आवाज परत आणता येत नाही.

म्हणून दोष शोधायचा क्रम नीट समजून घ्या. हा लेख 'लिरिअन म्युझिक सर्व्हर' आणि 'रास्पबेरी पाय' हा छोटा कॉम्प्युटर, ही जोडी धरून लिहिलाय. 'मिनीडीएलएनए'सारखं दुसरं काही वापरत असाल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

हे लिरिअन आहे तरी काय

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या 'स्लिम डिव्हायसेस' या छोट्या कंपनीनं घरच्या नेटवर्कवर गाणी वाजवणारे 'स्क्वीझबॉक्स' नावाचे डबे काढले होते. त्यांना गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे 'स्लिमसर्व्हर'. २००६ मध्ये 'लॉजिटेक'नं ही कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये त्या डब्यांचं उत्पादन थांबवलं. डबे बंद झाले, पण सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. त्यामुळं वापरणाऱ्या लोकांनीच ते जिवंत ठेवलं, आणि २०२४ पासून ते 'लिरिअन' या नावानं ओळखलं जातं. फुकट आहे, आणि साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं.

आत त्याचे दोन भाग आहेत. एक सर्व्हर, जो गाणी वाजवतो. दुसरा स्कॅनर, जो तुमच्या फोल्डरमधली एकेक फाइल उघडून गाण्याचं नाव, गायक, अल्बम, चित्र वाचतो आणि त्याची यादी डेटाबेसमध्ये लिहितो. हे दोन भाग वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आधी ठरवा, नक्की काय बंद पडलंय

मोटार चालत नाही म्हणून लगेच मोटार बाहेर काढत नाही आपण. आधी डीपी बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. इथंही तसंच. 'बंद पडलं' या एका शब्दात पाच वेगळे आजार असतात:

१. डबाच बंद. पायचा लाल दिवा गेलेला, किंवा डबा आपोआप परत चालू होतोय.
२. डबा चालू, पण सॉफ्टवेअर थांबलेलं. बाकी सगळं ठीक, फक्त गाण्यांचं पान उघडत नाही.
३. स्कॅन करताना दरवेळी मध्येच थांबतं.
४. सॉफ्टवेअर चालू, पण यादी रिकामी.
५. सगळं चालू, पण मोबाइलला सर्व्हर दिसत नाही.

बघायचं कसं? घरच्याच वायफायवरच्या मोबाइलमध्ये ब्राउझर उघडा आणि पायचा आयपी पत्ता, मग विसर्ग चिन्ह, मग ९००० टाका. पान उघडलं तर सर्व्हर जिवंत आहे, दोष चौथा किंवा पाचवा. पान उघडत नाही पण राउटरच्या यादीत पाय दिसतोय, तर दोष दुसरा. राउटरलाच पाय दिसत नाही, तर पहिला.

पहिला संशयित: वीज

आपल्याकडं सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच. व्होल्टेज कमी असलं की मोटार उचलत नाही, नुसती गुरगुरते. पायचंही तसंच, फक्त तो गुरगुरत नाही, गुपचूप अडखळतो.

पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अॅडॉप्टर लागतो. पाय ३ बी प्लसला २.५ अँपिअर. घरात पडलेला मोबाइलचा जुना चार्जर लावला तर सुरुवातीला चालतं. पण त्यालाच जोडलेली पोर्टेबल हार्ड डिस्क फिरायला लागली की ओढ वाढते, व्होल्टेज खाली येतं आणि डिस्क मधूनच सुटते. सर्व्हर गाणं वाचत असतानाच डिस्क गायब, मग तो तरी काय करणार?

पायला स्वतःलाच हे विचारता येतं. टर्मिनलमध्ये व्ही-सी-जी-ई-एन-सी-एम-डी ही आठ अक्षरं सलग टाइप करा, जागा सोडून 'गेट', खालची रेघ, 'थ्रॉटल्ड'. सगळं इंग्रजी लहान लिपीत. उत्तर आलं 'शून्य एक्स शून्य' तर वीज ठीक. शेवटी ५०००० आलं तर चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलंय. ५०००५ आलं तर आत्ता या क्षणालाही कमी आहे. पडद्याला जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं, त्याचा अर्थही हाच.

उपाय: त्या मॉडेलसाठीचा योग्य अॅडॉप्टर, आखूड आणि जाड केबल, आणि हार्ड डिस्कला वेगळी वीज देणारा यूएसबी हब. राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस बहुतेक १२ व्होल्टचा असतो, तो थेट पायला लावू नका, पाय जळेल. ५ व्होल्टचं तोंड असलं तरी ते किती अँपिअर देतं ते वाचून घ्या. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागं बहुधा 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते चालू ठेवा. नाहीतर वीज जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या फटीत पाय बंद होऊन परत चालू होतो, आणि आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर पडलं.

उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवला असेल तर उष्णताही बघा. ८० अंश सेल्सिअसला पाय आपला वेग स्वतःच कमी करायला लागतो. डबा मोकळ्या हवेत ठेवा, टीव्हीच्या मागं कोंबू नका.

दुसरा संशयित: मेमरी कार्ड आणि डिस्क

लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डावरचा मजकूर अर्धवट राहतो. असं वारंवार झालं की एक दिवस लिनक्स म्हणतं, आता मी फक्त वाचणार, लिहिणार नाही. बाहेरून बघितलं तर डबा चालू, पण सर्व्हरला यादी लिहिता येत नाही म्हणून तो उभाच राहत नाही.

इथं दोन आज्ञा पुरतात. डी-एफ, जागा, डॅश एच: यानं किती जागा शिल्लक ते कळतं. १०० टक्के भरलेलं दिसलं तर आजार तोच. डी-एम-ई-एस-जी, तिच्या आधी 'सुडो' लावून: यात 'आय-ओ एरर' किंवा 'रीड-ओन्ली' असे शब्द दिसले तर कार्ड किंवा डिस्क आजारी आहे.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल किंवा हे शब्द गाण्यांच्या डिस्कबद्दल असतील तर दुरुस्तीच्या नादाला लागू नका. आधी जेवढं निघतंय तेवढं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. दुरुस्तीची आज्ञा मरायला टेकलेल्या डिस्कवर चालवली तर ती तिथंच जाऊ शकते. आणि डिस्क जोडलेली, चालू असताना दुरुस्तीची आज्ञा कधीच द्यायची नाही, आधी ती सोडवून घ्यायची.

वीज फारच येत-जात असेल तर 'पायकोअरप्लेअर' ही प्रणाली बघण्यासारखी आहे. ती चालू होताना स्वतःला मेमरीत उचलून घेते, त्यामुळं कार्डावर लिहिणं फार कमी होतं. लिरिअनची यादी मात्र तिच्यातही कार्डावर किंवा डिस्कवरच राहते, तेवढा धोका उरतोच.

यादी रिकामी दिसली तर घाबरू नका

गाणी गेली असं वाटतं, पण पुष्कळदा गेलेली नसतात. वीज आल्यावर पाय आधी उठतो, डिस्क मागून. सर्व्हर फोल्डर उघडतो तर आत काहीच नाही. अशा वेळी कोणी स्कॅन केलं की तो बिचारा इमानदारीत लिहितो, 'एकही गाणं नाही'.

आधी डिस्क जोडली गेलीय का ते डी-एफनं बघा. नसेल तर जोडा, मग परत स्कॅन. कायमचा उपाय म्हणजे 'एफएसटॅब' नावाच्या फाइलमध्ये डिस्कची नोंद तिच्या यूयूआयडी क्रमांकानं करायची. सोबत 'नोफेल' हा शब्द टाकायचा, म्हणजे डिस्क नसली तरी पाय चालू व्हायचा अडून बसत नाही. जाणकार पोरगा पाच मिनिटांत करतो हे काम.

नोंदवही वाचा, तिथं लिहिलेलं असतं

सर्व्हर पडायच्या आधी काय झालं ते बहुतेक वेळा लॉग फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. लिरिअनच्या सेटिंगमध्ये 'इन्फर्मेशन' पानावर लॉगचा आणि बाकी फोल्डरांचा पूर्ण पत्ता दिलेला असतो. पान उघडतंय तेव्हाच तो वहीत उतरवून ठेवा, कारण सर्व्हर पडल्यावर ते पानही उघडणार नाही.

दोन वह्या महत्त्वाच्या. 'सर्व्हर लॉग' आणि 'स्कॅनर लॉग'. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी बघा. इंग्रजी बघून दडपून जायचं कारण नाही, शोधायचे शब्द थोडेच आहेत.

'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज': ९००० क्रमांकाचं दार दुसऱ्याच प्रोग्रामनं अडवलंय. त्या प्रोग्रामचं किंवा लिरिअनचं दार बदला.

'डेटाबेस इज लॉक्ड' किंवा 'मालफॉर्म्ड': यादीची फाइल अडकलीय किंवा खराब झालीय.

'परमिशन डिनाइड': सर्व्हरला फोल्डर वाचायची परवानगी नाही. डिस्क बदलल्यावर हे हमखास होतं.

आणि लॉगमध्ये काहीच नसेल, ओळ मध्येच तुटली असेल, तर सर्व्हर स्वतः पडला नाही, त्याला कोणीतरी पाडलंय. एक तर वीज, नाहीतर मेमरी.

मेमरी कमी पडणं

१ जीबी किंवा त्याहून कमी मेमरीचा पाय असेल आणि त्यावर गाण्यांसोबत सीसीटीव्ही, फाइल शेअरिंग असं सगळं टाकलं असेल, तर एका क्षणी मेमरी संपते. मग लिनक्स सगळ्यात जास्त खाणाऱ्या प्रोग्रामला थेट मारून टाकतं. त्याची नोंद वर सांगितलेल्या डी-एम-ई-एस-जीमध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी सापडते.

लिरिअनच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये डेटाबेसला किती मेमरी द्यायची ते ठरवता येतं. लहान पायवर ते 'नॉर्मल'च ठेवा. गाण्याला चिकटवलेली चित्रंही तपासा. मोबाइलनं काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो मुखपृष्ठ म्हणून प्रत्येक फाइलमध्ये घातला की स्कॅनरला तो दरवेळी उलगडावा लागतो. ६०० बाय ६०० चं चित्र घरगुती वापराला पुरतं.

स्कॅन करताना त्याच जागी थांबतं

याचं कारण बहुधा एखादी बिघडलेली फाइल. कॉपी करताना अर्धवट राहिलेली, किंवा तिच्या माहितीच्या कप्प्यात कचरा भरलेली. स्कॅनर तिच्यापाशी येतो आणि पडतो. स्कॅनर वेगळा भाग असल्यामुळं गाणी वाजत राहतात, फक्त यादी पुरी होत नाही.

स्कॅनर लॉगमध्ये शेवटी जी फाइल किंवा फोल्डर दिसेल तिच्यावर पहिला संशय. ती फाइल डिलीट करू नका, संगीताच्या फोल्डरबाहेर हलवा आणि परत स्कॅन करा.

लॉगमधून नाव कळलं नाही तर निम्म्या-निम्म्यानं शोधा. अर्धे फोल्डर बाहेर ठेवून स्कॅन करा. पुरं झालं तर दोष बाहेरच्या अर्ध्यात. मग त्याचे परत दोन भाग. ४,००० फाइल असल्या तरी जास्तीत जास्त १२ फेऱ्यांत एका फाइलवर येऊन पोचता.

आपल्याकडं आणखी एक अडचण येते, मराठी नावांची. लिनक्सच्या डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला ३. म्हणजे मात्रा धरून साधारण ८५ खुणांतच नाव संपतं. गाव, मंडळ, बुवांचं नाव, अभंग, तारीख असं सगळं फाइलच्या नावात घातलं तर विंडोजवर ते चालतं, पण पायच्या डिस्कवर कॉपीच होत नाही. नाव लहान ठेवा, बाकी माहिती टॅगमध्ये भरा. पायची भाषा-सेटिंग 'यूटीएफ-८' आहे ना तेही बघा. नसेल तर मराठी नावाच्या फाइल स्कॅनर गाळून पुढं जाऊ शकतो.

प्लगिन आणि खराब यादी

नवीन प्लगिन टाकल्यापासून पडायला लागलं असेल तर उत्तर समोरच आहे. पान उघडायच्या आतच पडत असेल तर लिरिअन 'फेलसेफ' पर्यायानं चालू करता येतं. त्यात जादाचे प्लगिन बाजूला राहतात. तसं चाललं तर एकेक प्लगिन परत लावत जा. दोन बदल एकदम करायचे नाहीत, नाहीतर कोणामुळं बरं झालं ते कळत नाही.

यादीची फाइल खराब झाली असेल तर सेटिंगमधलं 'क्लिअर लायब्ररी अँड रिस्कॅन एव्हरीथिंग' हा पर्याय निवडा. नाव वाचून छातीत धस्स होतं, पण यानं गाण्याची एकही फाइल पुसली जात नाही. पुसली जाते ती फक्त यादी, आणि ती परत तयार होते. कोणतं गाणं किती वेळा वाजलं ही नोंद वेगळ्या फाइलमध्ये असते, ती टिकते. फक्त गाण्यांच्या फोल्डरचा पत्ता बदलू नका, त्या नोंदी पत्त्याला बांधलेल्या असतात.

मोबाइलला सर्व्हर दिसत नाही

हा सर्व्हरचा दोषच नसतो बहुधा. राउटर बंद होऊन चालू झाला की पायला नवा आयपी पत्ता देतो आणि मोबाइल जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' करून पायला कायमचा पत्ता बांधून द्या. मोबाइल 'गेस्ट' वायफायवर नाही ना, मोबाइल डेटावर नाही ना, हेही बघा. आणि जमत असेल तर पाय राउटरला केबलनंच जोडा.

फ्यूजला जाड तार टाकू नका

काही जण रोज रात्री पाय आपोआप बंद-चालू करायची वेळ लावून ठेवतात. पडला की लगेच उठायचीही सोय असते. ती वाईट नाही, पण कारण न शोधता तिच्यावर भागवणं म्हणजे फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार टाकण्यासारखं आहे. फ्यूज उडायचा थांबतो, मोटार जळते. इथं जळते ती डिस्क.

सगळ्यात आधी दुसरी प्रत

वरचं काहीही करायच्या आधी हे करा. सीडीच्या दर्जाच्या डब्ल्यूएव्ही फाइलला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे एका तासाच्या कॅसेटला ६०० एमबीच्या थोडं वर. शंभर कॅसेट धरल्या तरी ६५ जीबीच्या आत बसतात. 'फ्लॅक' प्रकारात बदलल्या तर आवाजात काडीचा फरक न पडता जागा साधारण निम्मी लागते. फ्लॅकचा आणखी एक फायदा: फाइलच्या आतच आवाजाची खूण नोंदलेली असते, त्यामुळं फाइल शाबूत आहे की नासली हे तपासणीच्या एका आज्ञेत कळतं. डब्ल्यूएव्हीत तशी सोय नाही.

एक प्रत सर्व्हरवर, एक कपाटातल्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडं किंवा भावाकडं. कपाटातली डिस्कही सहा महिन्यांनी जोडून बघायची, नुसती ठेवून द्यायची नाही.

मदत मागताना हे सांगा

स्वतःहून जमलं नाही तर तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्याला किंवा पुण्या-मुंबईतल्या भाच्याला फोन कराल. "बंद पडतंय" एवढंच सांगितलं तर तोही "फॉरमॅट मारा"च म्हणणार. त्याला पाच गोष्टी कळवा: कोणता पाय आणि मेमरी किती, लिरिअनची आवृत्ती, पडतं तेव्हा काय चालू होतं, गाणं की स्कॅन, पडायला लागायच्या आधी काय बदललं होतं, आणि लॉगच्या शेवटच्या वीस ओळींचा फोटो.

आणि तो फॉरमॅट करायलाच बसला, तर गाण्यांची डिस्क आधी उपसून हातात घ्या, मग म्हणा, "आता करा काय करायचं ते."